'त्या मानाने' छान?

मंडळी, संपादकांनी 'काहीतरी हलकंफुलकं द्या' असं सांगितलं होतं. त्यांची आधीच माफी मागते, कारण यंदा मला थोडं भांडायचं आहे.

झालं असं, की माझ्या लेकीने शाळेच्या कॉन्सर्टमध्ये व्हायोलिनवर डी मायनरमधला एक सोनाटा वाजवला. कार्यक्रमपत्रिकेत संगीतकाराचं नाव होतं : एलिझाबेथ जाके द ला गेर, पॅरिस, १७०७. नंतर कॉफी पिताना आपल्यातलेच एक काका कौतुकाने म्हणाले, "बाईने रचलंय? मग त्या मानाने छानच आहे!" घरी येताना गाडीत लेक म्हणाली, "आई, पुढच्या वेळी मी नुसतं आडनाव छापायला सांगणार."

माझं भांडण आहे ते या 'त्या मानाने'शी. कुठल्या मानाने?

१६९० च्या दशकात फ्रान्समध्ये सोनाटा हा प्रकारच नवा, इटलीहून आलेला. फ्रांस्वा कूपरँसारख्या मोठ्या संगीतकाराने आपला पहिला सोनाटा नावातली अक्षरं उलटसुलट करून, इटालियन वाटणाऱ्या नावाने लोकांपुढे आणला. फ्रेंचांना परदेशी नवलाईचं वेड, आणि स्वतःवर भरवसा कमी! ही कबुली त्याने स्वतःच १७२६ साली दिली. जाकेबाई त्याच दशकात सोनाटा लिहीत होत्या. १७०४ मध्ये नवरा वारला. १७०७ मध्ये व्हायोलिन आणि हार्पसिकॉर्डचे सहा सोनाटा त्यांनी स्वतःच्या नावाने छापले आणि चौदाव्या लुईला अर्पण केले. बाख तेव्हा बावीस वर्षांचा होता. म्हणजे या बाई कुणाच्या मागून धावत नव्हत्या, पहिल्या रांगेत होत्या.

कुणी म्हणेल, राजाचा आश्रय होता ना! होता. लहानपणापासून त्या राजापुढे वाजवत. पण १६९४ मध्ये त्यांचा ऑपेरा रंगमंचावर आला तो पडलाच. राजाश्रयाने टाळ्या मिळत नाहीत. आणि लुलीलाही हाच राजाश्रय होता, त्याला कुणी 'त्या मानाने' म्हणत नाही.

आपण तर हे बोलूच नये. लतादीदींनी 'साधी माणसं'चं संगीत 'आनंदघन' या नावाने दिलं. आनंदघन म्हणजे कोण हे कळल्यावर त्या चालींची गोडी कमी झाली का?

तेव्हा एक विनंती. महिला दिनाची वाट न पाहता हा सोनाटा एकदा ऐका. संथ सुरुवात आणि मग झडप घालणारी द्रुत लय. नाही आवडला तर खुशाल 'नाही आवडला' म्हणा. जाकेबाईंना ते चाललं असतं, माझ्या लेकीलाही चालेल. फक्त ते दोन शब्द मागे घ्या. पुढच्या कॉन्सर्टला पूर्ण नाव छापून यायला हवं आहे.