उषाबेनना सलाम, गावच्या रेडिओला कुलूप!

मंडळी, परवा आयटीआयचा एक पोरगा चिमुकला एफएम ट्रान्समीटर घेऊन आला. एक ट्रान्झिस्टर, हाताने गुंडाळलेली तांब्याच्या तारेची कॉइल, नऊ व्होल्टची बॅटरी. बाजूच्या घरातल्या रेडिओवर आवाज खणखणीत! कट्ट्यावर लगेच कुणीतरी बोललं, "पोलीस धरतील रे बाबा."

खरंय. परवान्याशिवाय प्रसारण हा गुन्हा आहे. १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि साथीदारांनी जागा बदलत बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तोही गुन्हाच होता. तुरुंगात गेल्या. पुढे १९९८ मध्ये त्याच उषाबेनना पद्मविभूषण मिळालं.

आता २००६ बघा. बिहारमधल्या मन्सूरपूरच्या एका रेडिओ मेकॅनिकने स्वतः जोडलेलं एफएम केंद्र गावाला गाणी आणि पोलिओची माहिती ऐकवत होतं. परवाना नाही म्हणून बंद पाडलं. आणि त्याच वर्षाअखेरीस सरकारने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचं दार उघडलं!

दार उघडलं, पण तोंडाला पट्टी बांधून. आपल्या म्हसवडच्या 'माणदेशी तरंग'सारखी रीतसर परवाना घेतलेली केंद्रं हवामान, बाजारभाव सांगू शकतात. स्वतःच्या बातम्या देऊ शकत नाहीत. बातम्या हव्यात? आकाशवाणीच्या लावा. म्हणजे दिल्लीत काय झालं ते गावाला कळणार, पण ग्रामपंचायतीच्या टाकीचा पैसा कुठे मुरला, हे गावच्याच रेडिओवर सांगायचं नाही. टीव्हीवाले मात्र चोवीस तास बातम्यांच्या नावाखाली ओरडायला मोकळे.

कुणी म्हणेल, विमानांना त्रास होतो. मान्य! एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो, तिथूनच विमानवाहतुकीचा सुरू होतो. कच्च्या जोडणीचा ट्रान्समीटर भरकटला तर धोका खरा आहे. म्हणून चोरून रेडिओ चालवा, असं मी म्हणत नाहीये. पोरांनो, परवान्याशिवाय अँटेना चढवू नका.

पण ट्रान्समीटर तपासायला इंजिनिअर पुरतो. बातमीवर बंदी कशाला? खोटं बोललं तर कायदा आहेच की, जसा आमच्या छापील पेपराला आहे तसा. प्रसारणलहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, असं सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलंय. सार्वजनिक म्हणजे तुमची-माझीपण ना?

दोनच मागण्या. छोट्या पल्ल्याच्या केंद्रांना सोपा, स्वस्त परवाना द्या. आणि गावाला गावची बातमी सांगू द्या.

यंत्र तपासा, तोंड बांधू नका. पटलं तर आपल्या खासदाराला टॅग करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी इथेच आहे.