मॉरिशसला जावें केव्हां?

सुटी जवळ येऊं लागली कीं घरोघर प्रवासाचे बेत सुरू होतात. अलीकडे त्या बेतांत हिंदी महासागरांतील मॉरिशस बेटाचें नांवही वारंवार ऐकूं येतें, आणि नांवामागोमाग ठरलेला प्रश्न येतो, "तिकडे जाण्यास उत्तम ऋतु कोणता?" जाहिरातींवर विश्वास ठेवावा, तर तेथें बाराही महिने वसंतच नांदतो. आमचें मत निराळें आहे. त्या देशालाही स्वतःचे ऋतु आहेत, आणि ते समजून घेतल्यावांचून तेथें जाणें म्हणजे यजमानाची वेळ न पाहतां त्याच्या दारांत जाऊन उभें राहण्यासारखें होय.

प्रथम भूगोल पाहूं. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेस जितकी दूर, जवळजवळ तितकेंच मॉरिशस दक्षिणेस, म्हणजे सुमारें 20 अंशांवर आहे. म्हणून तेथील ऋतुचक्र आपल्या उलट चालतें. नोव्हेंबर ते एप्रिल हा उन्हाळा, जून ते सप्टेंबर हा हिवाळा, आणि मे व ऑक्टोबर हे दोन संधिकाल. उन्हाळ्याचें सरासरी उष्णमान सुमारें 25 अंश सेंटिग्रेड, तर हिवाळ्याचें सुमारें 20 अंश. अंतर इतकें थोडें असल्यामुळें केवळ उकाडा व गारठा पाहून निवड करणाराच्या हातीं फारसें कांहीं लागत नाहीं. खरा भेद पावसाचा व वाऱ्याचा आहे. फेब्रुवारी व मार्च हे सर्वांत ओले महिने, तर ऑक्टोबर सर्वांत कोरडा.

शिवाय एकाच दिवशीं सर्व बेटावर एकच हवा नसते. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे मधल्या पठारावर चढतात व तेथें आपलें पाणी टाकितात. त्यामुळें पठारावरील क्यूरपीप गांव थंड व दमट राहतें, आणि पलीकडच्या उतारावर पश्चिम किनाऱ्याचें पोर्ट लुई कोरडें व उष्ण. महाबळेश्वरचा पाऊस वाईस कां पोंचत नाहीं, हें ज्या विद्यार्थ्यानें शिकलें आहे, त्यास याचें आश्चर्य वाटणार नाहीं.

आतां वाऱ्याविषयीं. उन्हाळ्यांत, विशेषतः जानेवारी ते मार्च या काळांत, या समुद्रांत चक्रीवादळें उठतात. त्यांचा शास्त्रीय अभ्यास बेटावर रुजविणारे चार्ल्स मेल्ड्रम हे व्यवसायानें शिक्षक होते. 1846 सालीं ते मुंबईच्या शिक्षणखात्यांत आले, दोन वर्षांनीं मॉरिशसच्या रॉयल कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक झाले, आणि 1851 सालीं त्यांनीं तेथें हवामानशास्त्राची संस्था स्थापिली. जहाजांच्या नोंदवह्या तपासून ते वादळांचे मार्ग जुळवीत. पुढें 1874 सालीं पांप्लमूस येथें त्यांच्या देखरेखीखालीं रॉयल आल्फ्रेड वेधशाळा सुरू झाली. एवढें ज्ञान झालें तरी वादळ टळत नाहीं. 1960 सालीं जानेवारींत अ‍ॅलिक्स व फेब्रुवारींत कॅरोल अशीं दोन वादळें लागोपाठ आलीं आणि लांकडाचीं, पत्र्याचीं व गवताचीं हजारों घरें जमीनदोस्त झालीं. तेव्हांपासून लोक सिमेंटचीं घरें बांधूं लागले. 2024 च्या जानेवारींत बेलाल वादळाच्या पावसानें पोर्ट लुईच्या रस्त्यांतून मोटारी वाहून गेल्या.

तर मग उन्हाळा हा वाईट ऋतु म्हणावा काय? येथेंच आमचा मतभेद आहे. याच पावसानें बेटावरील तलाव भरतात, उंसाला पाणी मिळतें आणि पुढें कोरड्या महिन्यांत नळाला धार राहते. ज्या वर्षीं हा पाऊस हुलकावणी देतो, त्या वर्षीं तेथील गृहिणी चिंतेंत पडते. कोंकणांतील शेतकऱ्यास आषाढ हा वाईट महिना आहे असें कोणी सांगून पाहावें! महाशिवरात्रीस हजारों यात्रेकरू कांवडी घेऊन पायीं गंगातलावास जातात, तेही ऐन पावसाच्या दिवसांतच. वाईट ऋतु हा बहुधा पाहुण्याच्या दृष्टीनेंच वाईट असतो.

यावर कोणी म्हणेल कीं, पैसे देणारानें आपली सोय कां पाहूं नये? अवश्य पाहावी. परंतु वादळाचा इशारा झाल्यावर ज्या नोकरास पाहुण्यांची व्यवस्था पाहावी लागते, त्यालाही घर असतें, मुलें असतात, आणि उडूं पाहणारें छप्पर असतें. ज्यास आपल्या प्रवासाचा काळ ठरवितां येतो, त्यानें अशा वेळीं तेथील लोकांवर आपला भार घालूं नये, एवढेंच आमचें म्हणणें.

या सर्वांचा विचार करितां आमच्या मतें भाद्रपद-आश्विन, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर, हा काळ उत्तम. गारठा ओसरलेला असतो, वादळें दूर असतात आणि शेतांत उंसाची कापणी चालू असते. आपणांस आणखीही एक कारण आहे. 1834 सालानंतर करारानें मजुरीस गेलेल्या लोकांत रत्नागिरीकडील पुष्कळ मराठी कुटुंबें होतीं. त्यांच्या वंशजांनीं गणेशोत्सव आजतागायत राखिला आहे, आणि गणेशचतुर्थीनिमित्त त्या देशांत सार्वजनिक सुटी असते. त्या सुमारास गेल्यास समुद्रकिनाऱ्याबरोबर माणसेंही भेटतील. पोर्ट लुई बंदरावरील आप्रवासी घाटाच्या पायऱ्याही पाहाव्या. तेथें उतरणारास ऋतु निवडण्याची मुभा नव्हती.

विद्यार्थिमित्रहो, प्रवासाचा बेत करितांना पंचांग, नकाशा व सुट्यांची यादी हीं तिन्ही जवळ ठेवा, परंतु "आम्हांला केव्हां बरें?" या प्रश्नाबरोबर "त्यांना केव्हां बरें?" हाही प्रश्न विचारीत जा. भूगोल शिकल्याचें सार्थक त्यांतच आहे.