चाराचा आकडा आणि सहा पाकिटे

मेलबर्नला घरविक्रीच्या व्यवसायात असलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थिनीने तिच्या कार्यालयातील प्रशिक्षणपुस्तिका मध्यंतरी पाठवली. विषय : चिनी ग्राहकाला समजून घेणे. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावे. चार क्रमांकाचे घर दाखवू नये, कारण चिनी भाषेत 'चार' आणि 'मृत्यू' यांचे उच्चार जवळचे आहेत. आठ क्रमांकाचे मात्र आवर्जून दाखवावे. फेंगशुईबद्दल आदराने बोलावे. सोबत तिचा एका ओळीचा प्रश्न : "सर, एवढ्याने माणूस समजतो का?"

समजत नाही. आणि हे फक्त दलालांच्या पुस्तिकेबद्दल म्हणून मोकळे होता येत नाही, कारण हीच खोड साहित्याच्या वर्गांतही आहे. परक्या समाजातले काहीही दिसले की आपण 'संस्कृती' नावाची किल्ली काढतो आणि कुलूप कोणतेही असो, फिरवतो. पुण्यामुंबईचा माणूस वास्तुशास्त्र पाहून स्वयंपाकघराची दिशा ठरवतो; पण तो वीस वर्षांचे कर्ज का काढतो याचे उत्तर कोणी वास्तुशास्त्रात शोधत नाही. तिथे आपल्याला पगार, भाडे, व्याजदर हे सगळे आठवते. चिनी माणसाच्या वाट्याला तेवढा फक्त अपशकुन. चाराचा आकडा खोटा आहे असे नव्हे. पण त्याने घराचा क्रमांक ठरतो. घर घेण्याचा निर्णय ठरत नाही.

तो निर्णय कशाने ठरतो? चीनच्या शहरात घर घेणाऱ्याच्या पायाखालची जमीन त्याच्या मालकीची कधीच होत नाही. १९८२ च्या राज्यघटनेनुसार शहरांतली जमीन राज्यसंस्थेची. १९८८ च्या दुरुस्तीने तिच्या वापराचा हक्क विकता येऊ लागला. निवासी वापरासाठी त्याची मुदत ७० वर्षे. मुदत संपल्यावर हक्क आपोआप पुढे चालू राहील असे २००७ च्या मालमत्ता कायद्याने म्हटले, पण त्यासाठी काय मोजावे लागेल हा प्रश्न २०२१ पासून लागू झालेल्या नागरी संहितेनेही पुढच्या कायद्यांवर ढकलला. १९९८ पर्यंत नोकरी देणारी संस्थाच नाममात्र भाड्याने घर देत असे. त्या वर्षी ती पद्धत शासनाने बंद केली. एका पिढीच्या आत घर ही मिळण्याची वस्तू न राहता विकत घेण्याची वस्तू झाली. बचत ठेवायची तर बँकेचे व्याज थोडे, शेअरबाजार बेभरवशाचा, आणि परकी चलन माणशी वर्षाला ५० हजार डॉलरपर्यंतच. चांगल्या सरकारी शाळेत मुलाचा प्रवेश बऱ्याचदा घराच्या पत्त्यावर आणि तिथल्या कुटुंबनोंदणीवर ठरतो. दुसरीकडे १९९४ च्या करसुधारणेनंतर महसूल केंद्राकडे गेला आणि स्थानिक शासने जमिनीचे हक्क विकून खर्च भागवू लागली. घरे महाग राहण्यात त्यांचा स्वार्थ होता. हे सारे त्या पुस्तिकेत नाही. यातले काही 'संस्कृती' नाही, म्हणून नसावे.

खरे तर संस्कृतीच हवी असेल तर भाषेकडे जावे, आणि ते काम आपले आहे. चिनी भाषेने गेल्या वीसपंचवीस वर्षांत घराभोवती केवढे शब्द घडवले! 'फांगनू' म्हणजे घराचा गुलाम, हप्त्यांखाली पिचलेला. २००७ साली शिक्षण मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या नव्या शब्दांच्या यादीत तो होता. 'वोज्यू', गोगलगायीचे घर; याच नावाची २००९ ची दूरचित्रवाणी मालिका एका महानगरातल्या दोन बहिणींची, त्यातली धाकटी बहीण घरापायी एका अधिकाऱ्याच्या आहारी जाते. आणि 'सहा पाकिटे' : नवरा आणि बायको दोघांचेही आईवडील, दोघांचेही दोन्हीकडचे आजीआजोबा, यांची बचत एकत्र करून तरुण जोडप्याने घराची पहिली रक्कम भरायची. एकुलत्या एक अपत्याच्या धोरणाने कुटुंब निमुळते केले, आणि त्या टोकावर तीन पिढ्यांचा पैसा येऊन साचला. पुस्तिका सांगते, 'चिनी ग्राहक कुटुंबासह येतो, वडीलधाऱ्यांना मान द्यावा.' अहो, ती वडीलधारी माणसे मानासाठी येत नाहीत. पैसा त्यांचा आहे.

आणि 'लानवेईलोऊ' : सडक्या शेपटीची इमारत, म्हणजे अर्धवट सोडलेली. चीनमध्ये बहुतेक नवी घरे बांधून होण्याआधीच विकली जात आणि ताबा मिळण्याआधीच हप्ते सुरू होत. ऑगस्ट २०२० मध्ये शासनाने बिल्डरांच्या कर्जांवर 'तीन लाल रेषा' आखल्या. पुढच्या वर्षी ३०० अब्ज डॉलरहून अधिक देणी असलेली एव्हरग्रँड कंपनी कोलमडली. जानेवारी २०२४ मध्ये हाँगकाँगच्या न्यायालयाने तिच्या विसर्जनाचा आदेश दिला. त्याआधी, २०२२ च्या उन्हाळ्यात, चिनी मातीच्या भांड्यांसाठी शतकानुशतके प्रसिद्ध असलेल्या जिंगदेझेन शहरातल्या ग्राहकांनी जाहीर पत्र काढले : काम सुरू झाले नाही तर हप्ते बंद. पाहता पाहता अनेक शहरांतून तशीच पत्रे निघाली. आज्ञाधारक म्हणून ज्यांचे वर्णन होते त्यांनी हे केले.

माणसाऐवजी चिन्ह वाचण्याची सवय कुठवर जाते पाहा. जुलै २०१५ मध्ये न्यूझीलंडच्या मजूर पक्षाने ऑकलंडमधील घरखरेदीच्या याद्यांतली आडनावे पाहिली, चिनी वाटणारी मोजली आणि सुमारे ४० टक्के खरेदी चिनी वंशाच्या लोकांची असल्याचे सांगून परदेशी पैशावर बोट ठेवले. त्या आडनावाचा माणूस तिथेच जन्मला की आदल्या आठवड्यात विमानातून उतरला, हे आडनावावरून कसे कळावे? परदेशी गुंतवणुकीने घरे महागतात का, हा प्रश्न रास्तच होता. पण त्याचे उत्तर आडनावांत शोधणे म्हणजे चार क्रमांकाचे घर लपवण्याचीच दुसरी तऱ्हा.

हे सगळे त्या विद्यार्थिनीला लिहून कळवले. तिचे उत्तर आले. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर पाहायला एक जोडपे मुलीच्या शिक्षणासाठी आले होते, सोबत आजोबा. तिने शिकवल्याप्रमाणे आठव्या मजल्यापासून सुरुवात केली. आजोबांनी दुभाष्या नातीमार्फत पहिला प्रश्न विचारला : आम्ही दिलेले दहा टक्के कोणाच्या खात्यात राहतील, आणि इमारत पुरी होईपर्यंत बिल्डरला त्याला हात लावता येईल का? तिने पुस्तिका चाळली. त्यावर काही नव्हते. मग तिने ती मिटली, खरेदीकरार उघडला आणि विश्वस्त खात्याचे कलम काढून त्यांच्यापुढे ठेवले.