यजमान नसलेला उत्सव

२०२४ साली ३१ ऑक्टोबर रोजी महाराष्ट्रात नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान झाले. त्याच दिवशी अमेरिकेत हॅलोविन होता आणि तेथील अनेक हिंदू कुटुंबांनी लक्ष्मीपूजनही त्याच सायंकाळी उरकले. एकाच उंबरठ्यावर एका बाजूला पणती आणि दुसऱ्या बाजूला डोळे-दात कोरलेला भोपळा, असे दृश्य त्या सायंकाळी न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातील भारतीय घरांत दुर्मीळ नव्हते. इकडे बसून त्याची थट्टा करणे सोपे आहे. ‘अंधानुकरण’ हा शब्द उच्चारला की पुढे विचार करण्याची गरजच उरत नाही. तिकडच्या मराठी आईबापांपुढील प्रश्न मात्र या शब्दाने सुटत नाही. सहा वर्षांच्या लेकराला सोंग चढवून शेजाऱ्यांच्या दारी गोळ्या मागायला नेणे कोणालाही जमते. सोळा वर्षांच्या मुलाने त्या रात्री काय करायचे?

अमेरिकेलाही या प्रश्नाचे उत्तर सहज सापडलेले नाही. व्हर्जिनिया राज्यातील चेसापीक शहराने १९७० साली असा नियम केला, की बारा वर्षांवरील मुलाने हॅलोविनला दारोदार गोळ्या मागणे हा गुन्हा समजावा. त्यासाठी दंडाबरोबर सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद होती. या नियमाचे हसे झाल्यानंतर २०१९ साली वयोमर्यादा १४ वर नेण्यात आली आणि कैदेची तरतूद काढून टाकण्यात आली. दुसऱ्या बाजूला मद्यपानाचे किमान वय त्या देशात २१ आहे. म्हणजे गोळ्या मागण्याचे वय सरलेले आणि मोठ्यांच्या मेजवानीत बसण्याचे वय न झालेले, असे सात-आठ वर्षांचे एक अधांतर तेथील प्रत्येक मुलाच्या वाट्याला येते. त्या रात्री त्याला सोंग तर घ्यायचेच असते, पण त्याला घरात घेणारे कोणी नसते. मग ही मुले स्वतःचा उत्सव स्वतःच उभारतात, बहुधा आईबाप बाहेरगावी गेलेल्या एखाद्या मित्राच्या घरी.

वास्तविक हॅलोविन हा मूळचा बालगोपाळांचा सण नव्हेच. आयर्लंड-स्कॉटलंडमधील सेल्टिक लोकांचा ‘साविन’ हा सण उन्हाळा संपून हिवाळा सुरू होण्याच्या संधीवर येई, आणि त्या रात्री मृतांच्या व जिवंतांच्या जगामधील पडदा विरळ होतो अशी समजूत होती. पुढे ख्रिस्ती चर्चने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस ठरवला. संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या हाच हॅलोविन या नावाचा अर्थ. इंग्लंडमध्ये या दिवसांत गोरगरीब आणि मुले दारोदार जात, घरातील मृतांसाठी प्रार्थना करण्याचे वचन देत आणि त्या मोबदल्यात त्यांना लहान गोड पाव मिळत. पितरांच्या नावाने अन्न बाहेर काढून ठेवणाऱ्या, सर्वपित्री अमावास्या पाळणाऱ्या समाजाला हे परके वाटण्याचे कारण नाही. जुन्या सणावर नवा धर्म बसला, तरी दाराशी येणाऱ्याला रिकाम्या हाती न पाठवण्याची चाल मात्र टिकली.

स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स याने १७८५ साली या रात्रीवर जे दीर्घकाव्य लिहिले, त्यातील माणसे लग्नाच्या वयाची आहेत. आगीत दोन कवच्या टाकून त्या शांतपणे जळतात की तडतडून दूर उडतात यावरून जोडप्याचे भविष्य पाहणे, पाण्यावर तरंगणारी सफरचंदे दातांनी पकडणे, पावात लपवलेली अंगठी कोणाच्या घासात येते ते पाहणे, हे या रात्रीचे खेळ होते. म्हातारी माणसे चुलीपाशी बसून भुतांच्या गोष्टी सांगत आणि तरुण मंडळी त्यांच्यादेखत हे खेळ खेळत. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो आयरिश लोक अमेरिकेत गेले, त्यांच्याबरोबर ही रात्रही गेली. मायदेशी सलगम पोखरून त्यात दिवा ठेवत; नव्या देशात भोपळा अधिक मोठा आणि पोखरायला सोपा मिळाला. गोळ्यांचा धंदा आणि लहान मुलांच्या रांगा हे सारे विसाव्या शतकातले, त्यातही मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर साखरेवरील नियंत्रण उठल्यावरचे. तेव्हा किशोर आणि प्रौढ यांनी मिळून हॅलोविन साजरा करणे, यात काही नवे थेर आहे असे समजू नये. जुनी पद्धत तीच होती.

मधल्या काळात काय बिघडले, ते समजून घेण्यासारखे आहे. शेतावरील घर गेले, चूल गेली, चुलीजवळची म्हातारी माणसे गेली, आणि तरुण पोरे शहराच्या रस्त्यावर आली. खोड्या काढण्याची मुभा मात्र त्यांच्याबरोबर राहिली. फाटके काढून नेणे, परसातील शौचकूप उलटे करणे, गाड्या छपरावर चढवणे असले प्रकार विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या गावोगावी चालत. शिमग्याला शेजाऱ्याची लाकडे पळवणारी पोरे ज्यांनी पाहिली आहेत, किंवा जे स्वतःच त्यांतले होते, त्यांना यात फारसे आश्चर्य वाटणार नाही. कोकणातल्या शिमग्यात मात्र पोरांच्या मागे गाव उभे असते. पालखी कोणाच्या अंगणात कधी जायची, संकासुराने कोठवर धिंगाणा घालायचा, हे ठरलेले असते आणि मर्यादा ओलांडणाऱ्याला हटकण्याचा अधिकार गावकीकडे असतो.

मिनेसोटा राज्यातील अनोका या लहानशा गावाला हे उमगले. हॅलोविनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावकऱ्यांना भर रस्त्यात मोकाट सोडलेल्या गायी दिसत. १९२० साली गावातील प्रतिष्ठितांनी एकत्र येऊन पोरांना धाक घालण्याऐवजी मिरवणूक काढण्याचे ठरवले. सोंगे, वाद्ये, मोठी शेकोटी, आणि शेवटी मुलांना लाह्या, शेंगदाणे व गोळ्या. खोड्या काढणारे हातच मिरवणुकीच्या कामाला जुंपले गेले. १९३७ साली अनोकातील एक बारा वर्षांचा मुलगा गावाचा दावा घेऊन वॉशिंग्टनला गेला, आणि ‘हॅलोविनची राजधानी’ हे बिरुद गाव आजही मिरवते.

डेट्रॉइट शहराने हा धडा फार उशिरा आणि फार महाग घेतला. तेथे हॅलोविनच्या आदल्या रात्रीला ‘सैतानाची रात्र’ म्हणत. ओस पडलेल्या घरांना आगी लावण्याचा प्रकार इतका वाढला, की १९८४ साली त्या दोन-तीन दिवसांत आठशेहून अधिक आगी लागल्या. पोलीस आणि संचारबंदी यांनी काही अंशी आळा बसला, पण खरा फरक पडला तो १९९५ पासून, जेव्हा नगरपालिकेच्या आवाहनावरून हजारो सामान्य नागरिक, पुढे तर सुमारे ५० हजारांपर्यंत, गाडीवर पिवळा दिवा लावून आपापल्या वस्तीत रात्रभर गस्त घालू लागले. रात्रीचे नावही त्यांनी बदलले, ‘देवदूतांची रात्र’ असे ठेवले. आगी कमी होत होत अखेर २०१७ साली या संघटित गस्तीचीही गरज संपल्याचे शहराने ठरवले.

याच्या नेमके उलट चित्र दक्षिण कोरियाच्या राजधानीत दिसले. हॅलोविन ही काही कोरियाची परंपरा नाही. सेऊलच्या इतेवॉन या भागात परदेशीयांची वस्ती आणि रात्रीची उपाहारगृहे असल्यामुळे तेथे तरुणांनी हॅलोविनला जमण्याचा प्रघात पडला होता. २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री तेथील सुमारे ४० मीटर लांब आणि अवघ्या तीन-साडेतीन मीटर रुंदीच्या उतरत्या गल्लीत दोन्ही बाजूंनी लोक शिरले आणि चेंगरून १५९ जणांचा बळी गेला. त्यांतले बहुतेक विशीतले होते. गल्लीत चेंगराचेंगरी होऊ शकते असे सांगणारा पहिला दूरध्वनी पोलिसांना सायंकाळी ६ वाजून ३४ मिनिटांनी गेला होता. अनर्थ घडला तो दहा वाजल्यानंतर, आणि त्याआधी असे ११ दूरध्वनी आले होते. चौकशीत प्रशासनाकडून पुढे आलेला खुलासा विचार करायला लावणारा आहे. या कार्यक्रमाला आयोजकच नव्हता, त्यामुळे त्याच्या सुरक्षिततेचा आराखडा कोणी करायचा, हे नियमात बसत नव्हते. लाखाच्या घरात माणसे जमली आणि त्यांचा यजमान कोणीच नव्हता! पुढे कायद्यात दुरुस्ती करून अशा बिनआयोजकाच्या गर्दीची जबाबदारीही स्थानिक प्रशासनावर टाकावी लागली.

मराठीत यजमान या शब्दाला जो भार आहे, तो पाहुण्यांना जेवू घालणाऱ्यापुरता नाही. यज्ञाचा संकल्प ज्याने सोडला, त्याचे फळ आणि त्यातील उणीव या दोहोंचा जो धनी, तो यजमान. अमेरिकेतील अनेक राज्यांच्या कायद्यालाही हेच अभिप्रेत आहे. घरात जमलेल्या अल्पवयीन मुलांच्या हाती मद्य गेले, तर ते कोणी आणले याबरोबरच घर कोणाचे, हेही तेथे विचारले जाते. तेव्हा किशोरवयीन मुले आणि त्यांचे आईबाप यांचा एकत्रित हॅलोविन ज्या मराठी घरात ठरत असेल, तेथे पहिला निर्णय सजावटीचा नसून मद्याचा आहे. मुले घरात असताना ते नसावे, हे सर्वांत सोपे. ‘आम्ही वरच्या मजल्यावर, मुले तळघरात’ ही वाटणी अनेकांना सोयीची वाटते, पण त्यात प्रौढांना आपली मेजवानी हवी असते आणि मुले केवळ नजरेआड हवी असतात. अशा घरात त्या रात्री यजमान नसतोच, जरी वर वीस माणसे जेवत असली तरी.

दुसरा निर्णय कामाचा. चौदा ते अठरा वयाच्या मुलाला कोणी करमणूक पुरवलेली आवडत नाही, त्याला काही उभे करायला आवडते. घराच्या मागील अंगणात पुठ्ठे, जुन्या चादरी आणि दोन-चार दिवे देऊन भुताचा वाडा रचण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे, आणि पाहुणे म्हणून वस्तीतील लहान मुलांना बोलवावे. भीती दाखवणाऱ्यावर आपोआपच जबाबदारी येते. चार वर्षांच्या पोरीसमोर मुखवटा कधी काढायचा, हे त्याला शिकवावे लागत नाही. चादरी आणि पुठ्ठे जवळ असताना भोपळ्यात मेणबत्तीऐवजी विजेरीचा दिवा असावा, हे सांगण्याचे काम मात्र मोठ्यांचे. गाड्यांचेही तसेच. १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांतील नोंदी तपासणाऱ्या अमेरिकी अभ्यासात हॅलोविनच्या सायंकाळी पादचाऱ्यांच्या अपघाती मृत्यूचा धोका आसपासच्या दिवसांपेक्षा ४३ टक्क्यांनी अधिक आढळला. काळ्या सोंगातील मुलगा काळोख्या रस्त्यावर वाहनचालकाला दिसत नाही, यापलीकडे त्याला फार मोठे स्पष्टीकरण लागत नाही. कोणत्या मुलाला कोण घरी पोहोचवणार, याची यादी पाहुणे येण्यापूर्वीच तयार असावी.

आणि सोंगे? दुकानातील पिशाच्चांची सोंगे एका रात्रीची असतात. मालवणी मुलुखातून गेलेल्या एखाद्या आजोबांना दशावतारातील राक्षसाची ‘एंट्री’ आठवत असेल, तर नातवाला ती करून दाखवायला याहून चांगली रात्र मिळणार नाही. चुलीपाशी बसून गोष्टी सांगणारी म्हातारी माणसे या सणाने गमावली होती, हे वर आलेच आहे. मराठी घरात ती अजून आहेत, निदान सहा महिन्यांच्या व्हिसावर तरी.

मुंबई-पुण्यातील मॉल आणि पबांतून तिकीट लावून होणाऱ्या हॅलोविनविषयी फार लिहिण्याजोगे नाही. तेथे शेजार नाही, दार नाही, दाराशी येणारे मूल नाही. तेथील यजमान म्हणजे विक्रेता, आणि त्याचे उत्तरदायित्व पावती फाडली की संपते. तुलनाच करायची तर ती गोव्याशी करावी. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यातील वाड्यावाड्यांवर तरुण मुले जागून नरकासुराच्या प्रचंड प्रतिमा उभारतात आणि पहाटे जाळतात. मुखवटा, भय, अंधार, जागरण, तरुणांचा हैदोस, सारे तेथे आहे, आणि ते कोणाकडून उसने आणलेले नाही. तरीही कानठळ्या बसवणारे संगीत, दारू आणि कृष्णापेक्षा मोठा होत गेलेला नरकासुर, अशा तक्रारी गोव्यातीलच जाणते लोक वर्षानुवर्षे करीत आले आहेत. सण आपला असला म्हणून वाड्यावरील वडीलधाऱ्यांना त्या रात्री लवकर झोपून चालते, असे नाही.

२०२७ साली लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला, शुक्रवारी आहे, आणि त्यानंतरच्या रविवारी हॅलोविन. अमेरिकेतील मराठी घरांत त्या आठवड्यात आकाशकंदील उतरण्यापूर्वीच भोपळे येतील. दोन्हींच्या पाहुण्यांची यादी एकाच टेबलावर, आणि सोळा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून करता येईल.