नकार देण्याची पात्रता

राष्ट्रपतिपदासाठी कोणाला उभे करावे, याची चर्चा आपल्या राजकीय पक्षांत सोयरिकीच्या बैठकीसारखी चालते. प्रांत कोणता, जात कोणती, घराणे कोणते, स्वभाव कसा? या शेवटल्या प्रश्नाचा खरा अर्थ एवढाच असतो की, उलट उत्तर तर देणार नाही ना?

२००७ सालच्या जून महिन्याचे उदाहरण घ्यावे. काँग्रेस व तिचे मित्रपक्ष उमेदवार शोधीत होते आणि चर्चेत दोन मराठी नावे होती. शिवराज पाटील चाकूरकर हे १९९१ ते १९९६ या काळात लोकसभेचे सभापती. संसदीय रीतीभाती त्यांना मुखोद्गत. परंतु २००४ साली लातूरकरांनी त्यांना पराभूत केले होते, आणि डाव्या पक्षांना त्यांचे नाव रुचले नाही. सुशीलकुमार शिंदे फौजदारकीपासून मुख्यमंत्रिपदापर्यंत चढलेले. मात्र २००२ साली उपराष्ट्रपतिपदाच्या लढतीत भैरोसिंह शेखावतांकडून हरलेले, आणि आताही समोर शेखावतच होते. अखेर १४ जून रोजी प्रतिभाताई पाटील यांचे नाव जाहीर झाले.

आनंद झाला, हे मी नाकारीत नाही. आम्हां नाशिककरांना जळगाव म्हणजे शेजारघर. पहिली महिला, पहिली मराठी व्यक्ती! भाजपच्या आघाडीत असूनही शिवसेनेने त्यांनाच पाठिंबा दिला. पण या हर्षात ताईंच्या कारकिर्दीतील सर्वांत बोलकी गोष्ट मात्र मागे पडली. राजस्थानच्या राज्यपाल असताना, २००६ साली, तेथील विधानसभेने संमत केलेले धर्मस्वातंत्र्य विधेयक त्यांनी सही न करता परत पाठविले होते. नावात स्वातंत्र्य आणि पोटात धर्मांतरबंदी, असे ते विधेयक. माझ्या मते उमेदवारीचा खरा आधार तोच व्हायला हवा होता.

यावर कोणी म्हणेल, ते सरकार भाजपचे होते. परपक्षाला नकार देण्यात कसले शौर्य? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच प्रत्येक इच्छुकाबाबत विचारावे की, ज्यांनी तुम्हांला निवडून आणले, त्यांना कधी नकार दिला आहे काय?

राष्ट्रपती केवळ शोभेचे पद, त्याची एवढी चिकित्सा कशाला, असेही पुष्कळ सुशिक्षित म्हणतात. त्यांनी २५ जून १९७५ ची रात्र आठवावी. मंत्रिमंडळाची बैठकही झालेली नसताना केवळ पंतप्रधानांच्या पत्रावरून फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळ भरले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठविण्याचा अधिकार राष्ट्रपतींना स्पष्ट शब्दांत दिला. खिडकी लहान आहे, परंतु ती जाणूनबुजून ठेवलेली आहे. ती उघडण्यास मनुष्य लागतो. अब्दुल कलामांसारख्या निःस्पृह पुरुषानेही २००५ साली मॉस्कोहून बिहार विधानसभेच्या विसर्जनावर सही केली. सर्वोच्च न्यायालयाने ते विसर्जन घटनाबाह्य ठरविले. विद्वत्ता आणि साधेपणा यांनी हे काम आपोआप होत नाही, हे आपण कलामभक्तांनीही (मी त्यांतलाच) मान्य करावे.

के. आर. नारायणन यांनी ती खिडकी उघडली. ज्या संयुक्त आघाडीने त्यांना १९९७ साली निवडून आणण्यात पुढाकार घेतला, तिच्याच गुजराल मंत्रिमंडळाने त्याच वर्षी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली. नारायणन यांनी ती परत पाठविली आणि मंत्रिमंडळाने ती सोडून दिली. १९९८ साली बिहारविषयीची वाजपेयी सरकारची शिफारसही त्यांनी तशीच परत केली. २००२ साली त्यांची मुदत संपली, तेव्हा सत्तारूढ आघाडीने त्यांना दुसऱ्यांदा उभे केले नाही.