थायलंडमध्ये निवृत्त कोण होणार?



साठीकडे झुकलेल्या आपल्या घरांतून हल्ली एक नवा विषय ऐकू येतो. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशात. दुकान भावाकडे किंवा भाड्याने दिलेले. सकाळी मंदिर, दुपारी मोबाइल. त्या मोबाइलवर कुणीतरी चियांग माईतली खोली, खालचा पोहण्याचा तलाव आणि महिन्याच्या खर्चाचा हिशेब दाखवतो. संध्याकाळी घरात वाक्य येते, "वर्षातले दोन-तीन महिने तिकडे राहिलो तर इथल्यापेक्षा स्वस्त पडेल."

माझे मत आधीच सांगते. जायला हरकत नाही. मात्र भाड्याने राहा, दोन महिन्यांच्या पुढे जाऊ नका, आणि इथले स्वयंपाकघर उचलून तिकडे नेऊ नका. यातली तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची आहे.

तो स्वस्ताईचा हिशेब जरा नीट पाहा. एक बात म्हणजे अडीच ते तीन रुपये धरा. चियांग माईत सामानासह एका खोलीचे घर साधारण 8 ते 15 हजार बात महिन्याने मिळते. गावात फिरायला लाल रंगाची सोंगथेव, म्हणजे मागे दोन बाके असलेली सहा आसनी, माणशी 30 बातच्या आसपास घेते. बँकॉकहून रात्रीच्या झोपायच्या गाडीने सकाळी चियांग माईला पोहोचता येते, म्हणजे विमानाचे भाडे आणि हॉटेलची एक रात्र वाचते. इथपर्यंत सगळे खरे आहे. मग हिशेबात एक ओळ येते, "जेवण घरीच, त्यामुळे खर्च जवळजवळ नाही." ही ओळ आपल्या जिवावर लिहिलेली असते. पुरुषाची निवृत्ती झाली, व्यापार थांबला. आपण मात्र चार शेगड्यांचा ओटा सोडून एका विजेच्या शेगडीपुढे उभ्या राहायचे, आणि तेही जिथे तूरडाळ शोधायला अर्धा दिवस जातो अशा गावात.

गंमत म्हणजे तिथल्या कितीतरी भाड्याच्या खोल्यांना स्वयंपाकघरच नसते. शहरातल्या थाई बायका नोकरी करून परतताना कोपऱ्यावरून भात आणि भाजी प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून आणतात. तिकडे अशा बाईला चेष्टेने "प्लास्टिक पिशवीवाली गृहिणी" म्हणतात. नाव चेष्टेचे असले तरी घरातल्या सगळ्यांचे पोट भरते आणि बाई बसून जेवते.

तुम्ही म्हणाल, त्यांचे ठीक आहे, आपले कसे व्हायचे? आपला नियम आड येतो. इथे थायलंडची एक गोष्ट माहीत हवी. तिथे शाकाहाराला दोन शब्द आहेत. एक "मांगसविरत". हा आपला "मांसविरति" हाच शब्द, पण यात अंडी आणि दूध चालते. दुसरा "जे". हा चिनी बौद्ध परंपरेतून आलेला आहे. जे जेवणात मांस, मासे, अंडी आणि दूध नसते, शिवाय कांदा, लसूण आणि त्या जातीच्या उग्र वासाच्या भाज्याही नसतात. ओळखायची खूण म्हणजे पिवळ्या पताकेवर लाल अक्षर. ते अक्षर आपल्या डोळ्यांना इंग्रजी 17 या आकड्यासारखे दिसते. दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवस देशभर जे पाळले जाते, आणि फुकेतमध्ये तो मोठा उत्सव असतो. पण जे खानावळी बारा महिने असतात, आणि साधी थाळी 40 ते 60 बातला मिळते.

म्हणजे आपले सगळे काम झाले का? नाही. जे जेवणात मुळा, गाजर, बटाटा आणि अळकुडी चालते. अळंबी तर भरपूर असते. म्हणून दोन-चार शब्द पाठ करावेत. "माई साई" म्हणजे घालू नका. "हेत" म्हणजे अळंबी, "मान फरांग" म्हणजे बटाटा, "नाम प्ला" म्हणजे माशाचे पाणी. हे शेवटचे साध्या थाई जेवणात मिठासारखे पडते, पण जे ठिकाणी ते नसते. कच्च्या पपईची कोशिंबीर दिसायला आपली वाटते. तिच्यात माशाचे पाणी आणि सुकी कोळंबी असते, तेव्हा रस्त्यावरच्या गाडीवर ती घेऊ नये. टोफू, दुधी, कोबी, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये आणि भात यांवर आपले नीट भागते. फळांची तर चंगळ आहे.

दुसरा प्रश्न रात्रीभोजनाचा. डिसेंबरात चियांग माईला पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. ज्या रात्रीच्या बाजारांचे इतके कौतुक होते ते तेव्हा कुठे मांडायला लागलेले असतात. म्हणून चौविहार पाळणाऱ्यांनी दुपारची थाळी दोनला आणि पाचच्या आत हलके खाणे, असे वेळापत्रक ठेवावे. बाजार बघायला जावे, खायला नाही. पाण्याची सोय सोपी आहे. गल्लोगल्ली नाणे टाकून भरायची यंत्रे असतात आणि लिटरला साधारण एक बात पडतो. गाळायचे फडके आणि उकळायची किटली बरोबर असली की झाले.

माझ्या मते बॅगेत एवढेच न्यावे: छोटा इंडक्शन कुकर, मूगडाळ, थोडे पोहे, खाकरे, मेतकूट, चटणी आणि हिंग. यातून सकाळचा नाश्ता आणि अष्टमी-चतुर्दशीचे भागते. बाकी रोजचे जेवण बाहेर. ज्यांचा नियम याहून कडक आहे, सोवळ्याचेच जेवण घ्यायचे आहे, त्यांनी घरीच करावे, पण मग दोघांनी मिळून करावे. भांडी त्यांची, पोळ्या तुमच्या. ही वाटणी तिकीट काढण्यापूर्वी ठरवा. तिथे गेल्यावर ठरत नाही.

मंदिराचाही विचार आधी करावा. बँकॉकमध्ये जैन मंदिर आहे, आणि सीलोमच्या परिसरात रत्नांच्या व्यापारातली जैन कुटुंबे राहतात. रोज देवदर्शनाचा नियम असेल तर मुक्काम बँकॉकलाच ठेवावा, चियांग माईच्या स्वस्ताईला भुलू नये. ज्यांनी दिग्व्रत घेतले आहे त्यांनी आपली मर्यादा आधी आठवावी, आणि नंतरच पासपोर्ट काढावा.

आता काळ कोणता? चातुर्मास सोडून जाण्याची कल्पना मला पटत नाही. आहारदान, प्रवचने, दशलक्षण, हे आपल्या वर्षाचे हृदय आहे. थायलंडमधले भिक्खूही आषाढ पौर्णिमेनंतर तीन महिने एका जागी वर्षावास करतात, तेव्हा ही गोष्ट त्यांनाही समजेल. शिवाय तिथेही तो पावसाळाच असतो. कार्तिकी पौर्णिमा झाली की निघावे. साधारण त्याच पौर्णिमेला तिथे लोय क्राथोंग असतो, पाण्यावर दिवे सोडतात. नोव्हेंबर ते जानेवारी हवा छान असते. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत उत्तर थायलंडमध्ये शेतातले पाचट आणि जंगले जळतात, आणि चियांग माईची हवा धुराने भरून जाते. दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी त्या महिन्यांत तिथे मुळीच राहू नये. खोलीचे भाडे तेव्हा कमी का असते, हे आता कळेल.

दोन महिने हा आकडा मी उगाच म्हटलेला नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसाशिवाय 30 दिवस राहायची मुभा दिली आणि जुलै 2024 मध्ये ती 60 दिवस केली. हे नियम बदलतात, म्हणून तिकिटाआधी दूतावासाचे संकेतस्थळ पाहावे. पर्यटक व्हिसाही 60 दिवसांचा असतो. 1 मे 2025 पासून पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र भरावे लागते. ते फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहा. एवढ्यात काम भागते.

निवृत्तांचा जो वेगळा व्हिसा आहे तो पन्नाशीनंतर मिळतो. त्यासाठी 8 लाख बात बँकेत किंवा महिना 65 हजार बात उत्पन्न दाखवावे लागते. 8 लाख बात म्हणजे आपले 20 ते 24 लाख रुपये. दर 90 दिवसांनी आपला पत्ता कळवायचा. मध्येच देशाबाहेर जायचे तर आधी परतीचा परवाना काढायचा, नाहीतर व्हिसा रद्द. या व्हिसावर काम करता येत नाही. वर्षात 180 दिवस राहिलात की तिथले कर-निवासी होता, आणि 2024 पासून बाहेरून आणलेल्या उत्पन्नावरही कराचा प्रश्न येतो. वर्षातले आठ-दहा महिने जे आपल्याच गावी राहणार, त्यांनी हा सगळा व्याप का वाढवावा?

यात बायकांनी नीट ऐकावी अशी एक गोष्ट आहे. तिथल्या बँकेत ठेवायची ती रक्कम अर्जदाराच्या नावावर असते, आणि आपल्या घरांत अर्जदार बहुतेक वेळा नवरा असतो. पत्नी त्याच्या आधाराने राहते. त्याचे काही बरेवाईट झाले तर तिच्या मुक्कामाचा आधारही जातो, आणि ते पैसे सोडवायला परक्या देशातल्या न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा लागतो. अभद्र बोलते म्हणून रागावू नका. साठीनंतरच्या योजनेत हा विचार नसेल तर ती योजना अर्धी आहे.

घर विकत घेण्याचा मोहही होतो. परदेशी माणसाला तिथे जमीन घेता येत नाही. इमारतीतला फ्लॅट घेता येतो, तोही त्या इमारतीतल्या एकूण क्षेत्रफळाच्या 49 टक्क्यांच्या मर्यादेत. पण कायद्यापेक्षा मला आपले परिग्रह परिमाण आठवते. दोन महिने राहायचे आणि दहा महिने कुलूप लावून त्याची काळजी वाहायची, अशी वस्तू कशाला जोडायची? भाड्याच्या खोलीची किल्ली परत दिली की मन मोकळे होते.

आजारपणाचा खर्च मात्र स्वस्ताईच्या हिशेबात नक्की धरा. तिथली खासगी रुग्णालये चांगली आहेत आणि महागही आहेत. आपला इथला मेडिक्लेम बहुधा तिथे चालत नाही. प्रवासाचा विमा घेताना मधुमेह, रक्तदाब लपवू नका, आणि आधीचा आजार त्यात धरला आहे का, हे स्वतः वाचा. औषधे पूर्ण मुक्कामाची न्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. पैसे काढायचे कार्ड दोघांकडे वेगवेगळे असावे, आणि खोलीचा पत्ता थाई लिपीत लिहिलेला कागद तुमच्या स्वतःच्या पर्समध्ये असावा. नवऱ्याच्या मोबाइलमध्ये आहे, हे पुरेसे नाही.

इतके सांगून पुन्हा म्हणते, जमत असेल तर जाच. आपल्यातल्या कित्येक जणींनी लग्नानंतर सलग आठ दिवसही दुसऱ्याच्या हातचे जेवलेले नाही. माहेरपणसुद्धा आता वहिनीला मदत करण्यातच जाते. दोन महिने सकाळी सामायिक करावे, तळ्याकाठी चालावे, कोपऱ्यावरच्या जे खानावळीत बसून गरम भात खावा आणि दुपारी हातात पुस्तक घ्यावे. नवऱ्यालाही कळेल की पाण्याची बाटली कुठून भरून आणायची आणि आपले कपडे कुठे धुवायला टाकायचे. ही सवय घेऊन दोघे परत आलात, तर खर्च केलेला प्रत्येक बात वसूल झाला म्हणेन.

तेव्हा घरात हा विषय निघाला की खर्चाचा कागद आपल्याकडे ओढून घ्या. "जेवण घरीच" या ओळीपुढे विचारा, कोण करणार? उत्तर दोघांना पटले, तर बॅग भरा.

जय जिनेंद्र.