विलायतेतील कुत्र्यांची जत्रा



आपल्याकडे खिल्लार बैलांचा बाजार भरतो, सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा भरते. तशी इंग्लंडमध्ये कुत्र्यांची जत्रा भरते. तिचे नाव क्रफ्ट्स. मार्च महिन्यात चार दिवस, बर्मिंगहॅम शहराच्या कडेला असलेल्या एनईसी या प्रदर्शन केंद्रात ती चालते. कुत्री येतात ती अठरा-वीस हजारांच्या घरात, आणि माणसे त्याहून कितीतरी पट अधिक. मात्र पाहायला येणाऱ्याने आपले कुत्रे बरोबर आणायचे नाही. आत प्रवेश फक्त स्पर्धेतल्या आणि कामाच्या कुत्र्यांना!

ही जत्रा सुरू केली चार्ल्स क्रफ्ट याने. हा कोणी सरदार किंवा जमीनदार नव्हता. कुत्र्यांची बिस्किटे विकणाऱ्या स्प्रॅट यांच्याकडे तो नोकरीला होता. बिस्किटांना गिऱ्हाईक शोधता शोधता त्याला कुत्रेवाल्यांचे जग कळले, आणि १८९१ साली लंडनच्या इस्लिंग्टन भागात त्याने स्वतःच्या नावाचे प्रदर्शन भरवले. पहिल्याच वर्षी दोन हजारांवर कुत्री आली. त्यात व्हिक्टोरिया राणीचीही होती. १९३८ साली क्रफ्ट वारला. पुढे हे प्रदर्शन केनेल क्लबने हाती घेतले. ही १८७३ साली स्थापन झालेली संस्था. कोणत्या कुत्र्याचा बाप कोण, आजा कोण, याच्या वंशावळी तिच्या दप्तरात असतात. १९९१ पासून प्रदर्शन लंडन सोडून बर्मिंगहॅमला आले.

२०२५ च्या मार्चमध्ये मी वुल्व्हरहॅम्प्टनला भाच्याकडे होतो, तेव्हा एक दिवस ही जत्रा पाहिली. भाचा तिथल्या इस्पितळात नोकरीला आहे. त्याच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघे रेल्वेने गेलो. स्टेशनातून पायीच आत जाता येते. एकेक दालन आपल्या गिरणीच्या शेडएवढे. प्रत्येक कुत्र्याला नंबर घातलेली लाकडी खोली, म्हणजे तीन बाजूंनी बंद असा ओटाच. त्यावर कुत्रे बसलेले, शेजारी मालक डबा उघडून जेवतो आहे. कोणी कुत्र्याचे केस यंत्राने वाळवतो आहे, कोणी कंगव्याने विंचरतो आहे. लग्नघरी नवरीची चालते तशी लगबग.

परीक्षेची रीत समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक जातीचे कुत्रे कसे असावे हे कागदावर लिहिलेले असते: उंची किती, कान कसे, शेपटी कशी, चाल कशी. परीक्षक कुत्र्याचे दात पाहतो, पाठीवरून हात फिरवतो, रिंगणात त्याला पळवून पाहतो आणि त्या कागदाशी कोणते कुत्रे अधिक जुळते ते ठरवतो. जातींचे सात गट आहेत. सात गटांतले सात विजेते शेवटच्या संध्याकाळी उतरतात आणि त्यातून एक निवडला जातो.

कुत्र्याच्या वंशालाही मराठीत आपण 'जात' असेच म्हणतो. हा शब्द लिहिताना आपल्यापैकी कोणाचाही हात क्षणभर थांबेल. पण ही गोष्ट कुत्र्यांची आहे, ती कुत्र्यांचीच राहू द्यावी. माणूस माणसाच्या बाबतीत काय करतो ते आपण जाणतोच. तो मुक्या जनावराच्या बाबतीत काय करतो तेवढेच इथे सांगायचे आहे.

फिरत फिरत आम्ही चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या रांगेत आलो. एक पग ओट्यावर बसला होता. तो धावला नव्हता, भुंकला नव्हता, नुसता बसला होता. तरी घोरल्यासारखा आवाज येत होता. भाचा म्हणाला, "मामा, हा आवाज ऐका. आमच्या वॉर्डात एखादा पेशंट असा श्वास घेत असला, तर आम्ही डॉक्टरांना बोलावतो." भोवतीचे लोक मात्र हसत होते. त्यांना तो आवाज गोड वाटत होता!

हे कसे झाले? चपटे नाक लोकांना आवडले, म्हणून चपट्याला चपटे मिळवले. पिढ्यान् पिढ्या तेच केले. नाक आत गेले, पण घशातले मांस तेवढेच राहिले. मग हवा जाणार कुठून? बुलडॉगचे डोके इतके मोठे आणि कंबर इतकी अरुंद केली, की ब्रिटनमधल्या २०१० च्या एका अभ्यासात त्या जातीची दहापैकी आठांहून अधिक बाळंतपणे पोट फाडून करावी लागल्याचे आढळले. त्यातच वंश शुद्ध राहावा म्हणून जवळच्या नात्यात संबंध घडवले जात. तसे केले की घराण्यातला रोगही पिढीगणिक पक्का होतो.

याला तिथेच वाचा फुटली. ऑगस्ट २००८ मध्ये बीबीसीने या शुद्ध वंशाच्या कुत्र्यांच्या दुखण्यांवर एक माहितीपट दाखवला. देशभर गदारोळ झाला. इतकी वर्षे क्रफ्ट्स दाखवणाऱ्या बीबीसीने २००९ साली ते दाखवलेच नाही. त्याच वर्षी केनेल क्लबने नियम केला, की आई-मुलगा, बाप-लेक आणि सख्खी भावंडे यांच्या पिल्लांची नोंद यापुढे होणार नाही. म्हणजे तोवर ती होत होती! २०१२ साली अधिक धोक्याच्या पंधरा जातींच्या विजेत्यांना जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासून घेणे सुरू झाले. पहिल्याच वर्षी पंधरापैकी सहा विजेते नापास झाले. बुलडॉग आणि पेकिनीज त्यातच होते. परीक्षकाने पहिला ठरवलेला आणि डॉक्टरने आजारी ठरवलेला, कुत्रा एकच!

मला सर्वात मोलाची वाटली ती डाल्मेशियनची हकीकत. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला हा कुत्रा सिनेमामुळे आपल्या मुलांनाही माहीत आहे. या जातीच्या रक्तातच एक दोष आहे. त्याने लघवीत युरिक आम्ल वाढते आणि मुतखडा होतो. सगळीच शुद्ध कुत्री तो दोष घेऊन जन्मणार, मग निरोगी रक्त आणायचे कुठून? १९७३ साली अमेरिकेतील रॉबर्ट शायबल या शास्त्रज्ञाने डाल्मेशियनचा पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी एकदाच संकर केला. त्यांची पिल्ले पुन्हा डाल्मेशियनशी, त्यांची पुन्हा डाल्मेशियनशी मिळवली. काही पिढ्यांनी ठिपके तसेच राहिले आणि दोष गेला. तरीही कित्येक वर्षे वंशावळीवाले ही पिल्ले आपली मानायला तयार नव्हते. अखेर २०११ च्या क्रफ्ट्समध्ये या वंशातली एक कुत्री उतरली. तेव्हाही काहींनी नाक मुरडलेच. पण मुतखडा नाक मुरडून बरा होत नाही. तो बरा झाला मिसळलेल्या रक्ताने.

जत्रेत चांगलेही पुष्कळ आहे. आंधळ्या माणसाला रस्ता दाखवणारी कुत्री तिथे पाहिली. अडथळ्यांच्या शर्यतीत मिश्र वंशाची कुत्रीही उतरतात आणि मोठमोठ्या वंशावळीवाल्यांना मागे टाकतात. मिश्र कुत्र्यांसाठी 'स्क्रफ्ट्स' नावाची वेगळी स्पर्धाही आहे. आणि २०२५ साली सर्वांत पहिले कोण आले? इटलीहून आलेली मिउचा नावाची व्हिपेट कुत्री. व्हिपेट म्हणजे उत्तर इंग्लंडमधल्या कोळसा खाणीतल्या आणि गिरणीतल्या कामगारांचा कुत्रा. गरिबाचा शर्यतीचा घोडा, असे त्याला म्हणत. किडकिडीत अंग, लांब पाय, लांब नाक. घरी टीव्हीवर तो निकाल पाहताना भाचा म्हणाला, "मामा, ही तर आपल्या गल्लीतल्यासारखीच दिसते!"

हे सारे आपल्याला कशाला? तर २००३ च्या सुमारास एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग आला आणि आपल्या शहरांतही पगची हौस पसरली. आता आपल्या वस्तीतली मुलेही आईबापांकडे तसलेच पिल्लू मागतात. बाप महिन्याच्या पगाराएवढे पैसे मोजतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ काढून धापा टाकूनच ते अंग थंड करते. मग ज्याचे नाकच मिटलेले, ते आपल्या पत्र्याच्या घरात मे महिना कसा काढणार? घरात डॉक्टरचा खर्च सुरू होतो आणि मुलांच्या डोळ्यांदेखत जनावर तडफडते.

गल्लीतल्या कुत्र्यांचा त्रास काय असतो ते रात्रपाळीहून परतणाऱ्याला सांगायला नको. ती भटकी राहू नयेत, हेच खरे. पण मूल हट्टालाच पेटले असेल, तर त्यातलेच एक पिल्लू घरी आणा. लहानपणीच रेबीजची लस टोचून घ्या आणि ती दर वर्षी चुकवू नका. नसबंदी करा, महानगरपालिकेचा परवाना काढा. पिल्लू निवडताना बापाचे नाव विचारू नका. ते चार पावले पळवा आणि कान देऊन त्याचा श्वास ऐका. आवाज न करता श्वास घेत असेल, तर तेच पिल्लू चांगले.

असो. पुढील अंकी भेटूच. जयभीम!